तेवीस फ्लॉप्यांची बनाताई

आमचे दाजी नानासो यांनी तासगावातल्या निम्म्या लग्नांचे फोटो काढले, पण माझ्या बहिणीचा एकही काढला नाही. त्यांच्या स्वतःच्या लग्नात गावातला एकुलता एक फोटोग्राफर बोहल्यावर उभा होता. पुढची वीस वर्षं "उद्या काढू" चाललं. बनाताई प्रत्येक लग्नात त्यांच्या जरा पुढे, बाजूला फोटोचा दिवा धरून उभी असायची. फोटोच्या कडेला तिचा हात यायचा, कधी कान, कधी अर्धा गाल. प्रिंट काढताना दाजी तेवढी कड कापून टाकायचे. त्यांच्या फोटोंत माणसं कॅमेऱ्याकडे न बघता जरा बाजूला बघून हसतात, अशी तालुकाभर टिंगल होती. सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात बनाताई गेली, आणि हार घालायला घरात फोटो नाही. मला इतका संताप आला की तेराव्याला मी त्या घरात जेवलो नाही.

वर्षश्राद्धाच्या आत फोटो भिंतीवर लावायचाच, असं दाजींनी मनावर घेतलं. निगेटिव्ह सगळ्या शाबूत होत्या, त्यांत कडा कापलेल्या नव्हत्या. कॉम्प्युटरवर तुकडे जोडता येतात असं त्यांच्या कानावर आलं होतं. माझी भाची शिवांजली एम.एस्सी.ला पुण्याला जाणार होती, तिलाही लॅपटॉप हवा होता. एकाच लॅपटॉपमध्ये पोरीचं शिक्षण आणि बायकोचा चेहरा बसवायचं ठरलं.

सांगलीच्या दुकानात दोन जुने लॅपटॉप होते. एकात जागा भरपूर, पण पडदा मिणमिणता. दुसऱ्याचा पडदा लख्ख, जागा बेताची. शिवांजलीला जागा हवी होती. दाजींनी बनाताईच्या गालाचा स्कॅन केलेला तुकडा दोन्हींवर उघडायला लावला. पहिल्यावर गाल राखेसारखा दिसला, दुसऱ्यावर सावळा.

"काका, हा नुसता गाल आहे," दुकानदार म्हणाला.

"माझ्या बायकोचा हाय."

शिवांजलीने पहिला लॅपटॉप मिटून ठेवला. मग म्हणाली, "दुसराच घ्या, आप्पा. माझं मी बघीन."

जागा पुरेना, म्हणून बनाताई फ्लॉप्यांवर गेली. एकूण तेवीस. वर तुकडा आणि लग्नाचं गाव लिहिलेल्या चिठ्ठ्या: 'डावा कान, कडेगाव', 'नाक, इस्लामपूर'. पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी लागते असं कुणी सांगितलं, तर दाजींनी डबा ओळखीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाण्याच्या पेट्यांत ठेवला. रोज सकाळी तिथून एखादं नाक नाहीतर भुवई घेऊन यायचे. रखवालदार कोंडीबा अगदी गंभीरपणे विचारायचा, "आज वैनींचं काय न्यायचं?"

वर्षश्राद्धाला फोटो लागला. तुकडा न् तुकडा तिचा. पण एक डोळा पंचविशीतला, दुसरा चाळिशीतला. शेजारच्या राहीबाईंनी निरखून पाहिलं.

"लय देखनी हाय. पर कोन म्हनायची ही?"

शिवांजली उठून बाहेर गेली. दाजींनी फोटो उतरवला. काच पुसून तो भिंतीकडे तोंड करून ठेवला. माझा वर्षभराचा राग तिथंच गळून गेला.

संध्याकाळी त्यांनी दुसरी फ्रेम लावली. कडेगावच्या वीरधवलचं लग्न, कड न कापलेलं. नवरा-नवरी मधोमध, आणि कोपऱ्यात दिवा धरलेला हिरव्या बांगड्यांचा हात. त्या फ्रेमला हार घातला.

पंधरा दिवसांनी वीरधवल पोराच्या बारशाचे फोटो न्यायला आला आणि दारातच थिजला.

"आवं नानासो, मी जित्ता हाय की! बायकोबी जित्ती हाय!"

"हार तुमाला न्हाई," दाजी म्हणाले. "त्या हाताला हाय."

वीरधवल तावातावाने फ्रेमजवळ गेला. बघता बघता त्याचा आवाज उतरला.

"ह्या बाईंनीच मला म्हनलं हुतं, हसा की पाव्हणं, लगीन हाय, फाशी न्हाई."

फोटोतला वीरधवल खरोखर हसत होता, दिव्याकडे बघून. दाजींनीही फ्रेमजवळ जाऊन बघितलं. मग त्यांनी कपाटातले जुने अल्बम ओढून काढले आणि एकेक पान उलटत राहिले. सगळी माणसं कापलेल्या कडेकडे, दिव्याकडे बघून हसत होती.

वीरधवलने पायातल्या चपला काढल्या आणि स्वतःच्याच लग्नाच्या फोटोला हात जोडले.