शब्बाथ आणि पडद्यावरचे मासे

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बाबा अलिबागहून आमच्या बसवनगुडीच्या घरी आठ दिवसांसाठी आले होते आणि मी फुशारकी मारून बसलो होतो, "परदेशातल्या एका ग्रंथालयाने तोराच्या, आपल्या धर्मग्रंथाच्या, प्राचीन गुंडाळीचे फोटो इंटरनेटवर टाकलेत. घरबसल्या दाखवतो!"

बाबांना त्यातली एकच ओळ हवी होती. तेराव्या वर्षी सगळ्या सिनेगॉगसमोर वाचताना ते तिच्यावर अडखळले होते. साठ वर्षं त्यांचं एकच पालुपद, "लिहिणाऱ्याने अक्षरं कोंबली होती. माझी काय चूक?" दुसऱ्या कुणी ती ओळ कशी लिहिलीय, तेवढं त्यांना बघायचं होतं. रविवारी सकाळी त्यांची गाडी होती.

सोमवार ते गुरुवार होसकोट्याच्या कारखान्यातून आलो की मी मोडेम लावायचो. ते किंचाळायचं आणि लाइन तुटायची. शुक्रवारी लवकर सटकलो. पाचला जोडणी मिळाली आणि पान वरून खाली, पट्टीपट्टीने उतरू लागलं. पण सूर्यही उतरत होता. आम्ही बेने इस्रायल, मराठी ज्यू. पूर्वज शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून कोकणात लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. शुक्रवारी सूर्य मावळून शब्बाथ, म्हणजे काम बंद ठेवायचा वार, लागला की मी कॉम्प्युटरला हात लावणं शक्य नव्हतं.

"आधी लावलेला दिवा शब्बाथला जळत राहिला तर चालतो," बाबा म्हणाले. "हेही तसंच राहू दे."

मी खूश. प्रार्थना, जेवण उरकून येऊन बघतो, तर पडद्यावर मासे! दहा मिनिटं कुणी माउस हलवला नाही की पोहायला लागणारे रंगीत मासे. मीच हौसेने बसवलेले. पान त्यांच्या मागे.

"खवले आहेत, पंख आहेत," बाबांनी निरखून निकाल दिला. "आपल्या धर्मात खायला चालतील."

शनिवारी सकाळी शेजारच्या अक्का आल्या. त्यांचे फोन आमच्याकडे यायचे. "मुलगा म्हणतो, कालपासून तुमची लाइन एंगेज." पडद्याकडे बघून म्हणाल्या, "अय्यो, किती छान मासे!" माउस त्यांच्या हातापासून वीतभर लांब. मी आशेने खोकलो.

"खोकू नकोस," बाबा म्हणाले. "शब्बाथला दुसऱ्यालाही काम सांगायचं नसतं, आणि सुचवणं म्हणजे सांगणंच."

अक्का लांबूनच मासे बघून गेल्या.

संध्याकाळी तीन तारे दिसले, शब्बाथ संपला आणि मी माउसवर झडप घातली. मासे गेले, पान आलं. बाबा काचेला नाक लावून, बोट फिरवत उजवीकडून वाचत खाली आले आणि थांबले. त्यांच्या ओळीच्या जरा वरपासून सगळं करडं. लाइन जोडलेलीच होती, पण पान उतरणं मधेच कधीतरी थांबलं होतं. रात्रभर पुन्हा लावत बसलो. सकाळी बाबा गाडीत बसले.

बुधवारी, कुणाला नको असताना, पान चार मिनिटांत पुरतं उतरलं. मी अलिबागला फोन केला.

"मिळाली ओळ?"

"पान मिळालं. ओळ कुठली ते कळेना." हिब्रूच्या शिकवणीला दांड्या मारून मी समुद्रावर जायचो, हे त्यांना ठाऊक होतं.

 बाबा अगदी समाधानाने म्हणाले, "मी अडखळलो तेव्हा तेरा वर्षांचा होतो. तू?"