‘टेक’च्या एकशे बारा चिठ्ठ्या

फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये बेअरिंगची खोकी मोजत होतो. दोनशे सतराव्या खोक्यावर हात होता. बबनदादाचा मुलगा संतोष बोलत होता. ‘काका, आबा गेलं.’ मी बरं म्हणालो, फोन ठेवला आणि उरलेली खोकी मोजून संपवली. तीनशे चार भरली. आकडा लिहून सही केली आणि मग साहेबांना सांगून निघालो. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कोणीतरी तीच मोजणी पुन्हा केली, तर माझा आकडा बरोबर निघाला. त्याचं मला काय वाटायला हवं, हे सहा आठवडे झाले तरी कळलेलं नाही.

बबनदादा माझा चुलत भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. कोळवणला आमची घरं समोरासमोर. दादाचं शिक्षण सातवीपर्यंत. आधी खोऱ्यात जीप चालवायचा, नंतर कर्ज न काढता एक गाडी घेतली आणि हिंजवडीच्या एका कंपनीत लावली. सकाळी माणसं न्यायची, संध्याकाळी परत आणायची. मागे बसणारी बहुतेक इंग्रजीत बोलायची. दादाला त्यातलं ‘टेक लेफ्ट’ आणि ‘टेक राइट’ एवढं कळत होतं आणि तेवढ्यावर गाडी चालत होती. मग एकदा कोणी तरी उतरताना म्हणालं, ‘टेक युवर टाइम.’ तो रविवारी माझ्याकडे आला आणि ओसरीवर बसून म्हणाला, ‘येळ माझाच हाय, तर मी तो घिऊ कुणाकडनं?’ मी त्याला टेक म्हणजे घेणे असं सांगितलं. त्याचं समाधान झालं नाही. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. गाडीतल्या एका मुलीला एक्झाम ‘टेक’ करायची होती. ‘परीक्षा आपुन देतो, मास्तर घेतो. ही पोरगी मास्तरीण झाली का काय?’ मी ऑफिसातली डिक्शनरी घरी आणली. या एका क्रियापदाला तिच्यात तीन पानं दिलेली होती. दादाने ती पानं बघितली, हाताने पुस्तक मिटलं आणि म्हणाला, हे नको.

त्यानंतर त्याने स्वतःची पद्धत काढली. वाक्य गाडीत बोललेलंच पाहिजे. ट्रिप संपली, इंजिन बंद झालं की फेऱ्यांची नोंद करायच्या ट्रिप-शीटच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते देवनागरीत लिहायचं, आणि खाली कोण बोललं, कुठे, तेव्हा त्याचं तोंड कसं होतं, हे सगळं. अर्थ मला लगेच विचारायचा नाही. ‘बोलल्यावर माणूस फुडं काय करतंय ते बघायचं. अर्थ तितं असतो.’ कोणी फोटो ‘टेक’ केला की ते काढणं झालं, गोळी ‘टेक’ केली की खाणं झालं, आईला दवाखान्यात ‘टेक’ केलं की नेणं झालं. आपल्याकडे एवढ्या कामांना एवढी माणसं आणि इंग्रजीत एकच गडी सगळ्या शेतावर, असं तो म्हणायचा. त्याला ते कंजूषपणाचं वाटायचं, आणि थोडं कौतुकाचंही. चार वर्षांत अशा एकशे बारा चिठ्ठ्या झाल्या. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असायच्या.

मागच्या दिवाळीत त्याने तो डबा माझ्याकडे दिला. शाई फिकी पडायला लागली होती. ‘तुझं अक्षर चांगलं हाय, तेवढं नीट उतरवून ठिव.’ मी चार रविवार बसून ते काम केलं. लांब रजिस्टर घेतलं, रकाने आखले, वाक्यं अर्थाप्रमाणे लावली. एकोणीस अर्थ निघाले. तेच वाक्य पुन्हा आलं की ते पुन्हा न लिहिता समोर किती वेळा आलं तो आकडा टाकला. ‘हाउ लाँग विल इट टेक’, म्हणजे किती वेळ लागेल, हे सगळ्यात जास्त होतं. त्याच्यापुढे ३१ लिहिलं. बोलणाऱ्याचा मजकूर अर्थाच्या कामाचा नाही म्हणून सोडला. स्टोअरमध्ये नोंद झाली की चिठ्ठी फाडायची असते, नाहीतर तोच माल दोनदा चढतो. बावीस वर्षांची सवय. चिठ्ठ्या मी अंघोळीच्या बंबात घातल्या.

दादाने रजिस्टर पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. झ्याक झालंय म्हणाला. मग चिठ्ठ्या मागितल्या. मी सांगितलं. त्याने त्या ३१ वर बोट ठेवलं.

‘परकाश, ती एकतीस माणसं येगळी व्हती रं.’

एवढंच. चिडला असता तर मला काही बोलता आलं असतं. चहा पिऊन घरी गेला. पुढच्या रविवारी सकाळी दहाला मी त्याला हाक मारली. नवं रजिस्टर आखलं होतं, एकशे बारा ओळींचं, त्यात एक रकाना ‘कोण’ म्हणून. मी माफी मागितली नाही, रकाना दाखवला. तो हसला आणि म्हणाला, ‘आता माझी परीक्षा घेतोस व्हय? बरं, देतो.’ तेव्हापासून दर रविवारी तो आठवायचा आणि मी लिहायचो. मुलाखतीला निघालेला, टायचा गळफास सैल करत विचारणारा. सकाळपासून न जेवलेला. लेकराची शाळा सुटून गेलेली बाई. काही सापडायचे, काही नाही. त्रेचाळीस ओळी भरल्या. ‘हाउ लाँग’मधल्या एकतीसपैकी नऊ.

दहाव्याला घाटावर हिंजवडीहून एक बाई आल्या. आमच्यातलं कोणी त्यांना ओळखत नव्हतं. त्या म्हणाल्या, वडील शेवटच्या घटका मोजत होते, मी ऑफिसातून थेट दवाखान्यात निघाले होते, आणि दादांना एकाच ट्रिपमध्ये तीनदा विचारलं, ‘हाउ लाँग विल इट टेक?’ तिन्ही वेळेला त्यांनी नुसता आकडा सांगितला. अठरा, मग अकरा, मग चार. ‘येईलच, पोचूच असं नाही म्हणाले. आकडा धरून बसले मी.’ पोचलात का, असं मी विचारलं. पोचले म्हणाल्या, दोन तास मिळाले. घरी येऊन मी त्यांची ओळ भरली. दादाने त्यांची एक चिठ्ठी केली होती की तीन, हे कळायला आता मार्ग नाही, म्हणून एकच भरली. चव्वेचाळीस. अडुसष्ट कोऱ्या आहेत. त्या तशाच राहतील. अंदाजाने भरण्यासारखं ते काम नाही.

तेराव्यानंतर संतोषने मला एक गोष्ट सांगितली. त्या दिवशी छातीत कळ आली तेव्हा त्याने दादाला दादाच्याच गाडीत घातलं. दादा त्या गाडीत पहिल्यांदा मागे बसला. पौड सोडल्यावर त्याने विचारलं, ‘किती येळ लागंल रं?’ संतोष म्हणाला, ‘आलंच, आबा.’ त्यानंतर दादा बोलला नाही. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली तेव्हा संपलेलं होतं. ‘काका, आकडा सांगायला पायजे व्हता,’ संतोष म्हणाला.  

मी एकशे तेरावी ओळ आखली. वाक्य मराठी आहे, दादाच्या नियमात बसत नाही. पण गाडीत बोललेलं आहे. कोण: बबनदादा. कुठे: मागची सीट, पौडच्या पुढे. उत्तर: आलंच.

गेल्या रविवारी दहा वाजता मी संतोषला गाडी काढायला सांगितली. त्याच दवाखान्यापर्यंत जायचं आणि दादाने विचारलं ती जागा दाखवायची, एवढं सांगितलं. मी मागे बसलो. सीटच्या खिशात कोऱ्या ट्रिप-शीट होत्या, रबर लावलेल्या. पौड सुटल्यावर दादाने जिथे विचारलं तिथे संतोषने हात वर केला आणि मी घड्याळ पाहिलं. दवाखान्याच्या दारात पुन्हा पाहिलं. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं.

‘सव्वीस मिनिटं,’ मी सांगितलं.

घरी आल्यावर ‘आलंच’ खोडलं नाही. शेजारी पेन्सिलीने २६ लिहिलं.