चार बोटांची गाडी

मामांचं आडनाव चारबोटे नाही. पण फरशीच्या दुकानातल्या पावतीवर तसंच लिहून यायचं, 'श्री. चारबोटे, पिकअप'. एकदा तर कुरियरवाला जिना चढून आला आणि विचारू लागला, चारबोटे इथेच राहतात ना? मामी म्हणाली, "इथेच. पण आत्ता खाली गाडीखाली झोपलेत. पाय दिसतील. पायांशीच बोला, तोंड बाहेर यायला वेळ लागेल."

हे नाव पडलं त्यांच्या मोजमापामुळे. मामा फरश्या वाहायचे. फरशीची पेटी दिसायला दप्तराएवढी, उचलायला गेलं की तिचं खरं रूप कळतं. पिकअपच्या मागच्या हौद्यात तीन थर लागले तरी हौदा रिकामाच दिसतो आणि दुकानदाराला वाटतं, अजून तीन सहज जातील. मामा मात्र प्रत्येक थरानंतर हमालांना थांबवायचे, मागच्या चाकापाशी उकिडवे बसायचे आणि टायर नि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत हात आडवा घालायचे. रिकाम्या गाडीत तिथे वीतभर जागा असायची. माल चढेल तशी गाडी बसायची, फट मिटत यायची. चार बोटं जेमतेम आत जाऊ लागली की मामा उठायचे.

"बास. भरली."

"निम्मीसुद्धा भरली नाही हो," फरशीवाला गल्ल्यावरून म्हणायचा.

"तुम्ही वरून बघता. मी खालून बघतो."

"बाकीचे सहा-सहा थर नेतात."

"त्यांच्या गाड्या कितव्या वर्षी गेल्या तेही विचारा."

"तुमच्या बोटांपायी मला दोन खेपा पडतात, चारबोटे. बोटं जरा बारीक करून घ्या."

हमाल हसायचे. मामाही हसायचे. दोन खेपा तर दोन खेपा. दुकानात त्यांच्याबद्दल एक गोष्ट सगळे मान्य करायचे: या माणसाच्या हातून एक पेटी फुटलेली नाही आणि ही गाडी रस्त्यात कधी उभी राहिलेली नाही.

उभी राहणार तरी कशी? सकाळी किल्ली फिरवली की इंजिन तापवणाऱ्या हीटरचा पिवळा दिवा विझेपर्यंत मामा स्टार्टरला हात लावायचे नाहीत. तो दिवा दोन-तीन सेकंदांत विझतो, पण तेवढ्यात ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायचे, एखाद्याच्या घरी बोलावण्याची वाट बघत बसावं तसे. इंजिन लागलं की लगेच रेस नाही. "झोपेतून उठलेल्याला पळवू नये," म्हणायचे. दर रविवारी डिझेलच्या फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी काढायचे, काचेच्या पेल्यात घ्यायचे, उजेडात धरायचे. मग मामीला हाक. "बघ, किती निघालं."

"घरातला पेला घेतलात?"

"बाजूला ठेवलेला होता."

"बाजूला ठेवला होता तो घासायला."

पाणी काढून, ग्रीस भरून, गाडी धुवून झाली की मामी खाली यायची. हातात चपटी उशी. ती उशी पुढच्या सीटवर ठेवायची, वर बसायची आणि दोघं नदीवरच्या पुलापर्यंत जाऊन परत यायचे. पुलावर उतरायचेसुद्धा नाहीत. गाडी वळवायची नि परत. आम्ही भाचरं विचारायचो, मग जाता कशाला? मामी म्हणायची, "गाडीला दाखवायला की आठवड्यातून एकदा तरी तिच्यात माणूस बसतं."

पाच वर्षांपूर्वी फरशीवाल्याचा मुलगा गल्ल्यावर बसू लागला. तो मामांना चारबोटे म्हणायचा नाही, काका म्हणायचा. तिथेच मामांनी ओळखायला हवं होतं.

"काका, पुढच्या महिन्यापासून एका साइटला एक खेप. ज्याला जमेल तो राहील."

मामा तेव्हा बावन्न वर्षांचे होते. डाव्या डोळ्याचा पडदा आधीच गेला होता. स्वतःची गाडी होती म्हणून ते चालक होते. दुसऱ्याच्या गाडीवर त्यांना कुणी बसवलं नसतं. हे त्यांना माहीत होतं, मामीला माहीत होतं, आणि घरात त्यावर कधी बोलणं झालं नाही. दुसऱ्या दिवशी ते पाटेवाल्याकडे गेले.

मागच्या चाकांवर गाडीचं वजन पोलादी पाट्यांवर तोललेलं असतं, एकावर एक रचलेल्या वाकड्या पट्ट्यांवर. पाटेवाल्याच्या दुकानात असे पाटे भिंतीला लावून ठेवलेले, लांबीनुसार, बरगड्यांसारखे.

"दोन्ही बाजूंना दोन-दोन वाढवतो," पाटेवाला म्हणाला. "हत्ती चढवा, गाडी बसणार नाही."

"थोडी तरी बसली पाहिजे."

"कशाला?"

"मला कळायला."

पाटेवाल्यानं हातातला पाना खाली ठेवला. "अहो, गाडी बसू नये म्हणून लोक माझ्याकडे येतात. तुम्ही पहिलेच."

संध्याकाळी गाडी घरी आली ती मागून उंच झालेली, टाचा वर करून उभं राहावं तशी. मामीनं खिडकीतून बघितलं आणि विचारलं, "ही कुणाशी भांडून आली?"

दुसऱ्या दिवशी दुकानात सहा थर लागले. मामा सवयीनं चाकापाशी बसले, हात घातला. चार बोटं आत गेली आणि वर जागा उरली. त्यांनी दुसऱ्या बाजूनं बघितलं. तिथेही तेच. हमाल म्हणाला, "काका, बोटांनी परवानगी दिली का?"

"दिली," मामा म्हणाले.

त्यांनी त्या दिवशी मोजणं सोडून दिलं असतं तरी चाललं असतं. थर मोजले असते, पेट्यांवर छापलेलं वजन वाचलं असतं. पण तीस वर्षं ज्या हातानं त्यांना कधी फसवलं नाही, तो हात ते प्रत्येक खेपेला घालत राहिले. आधी सहा थर, मग सात, एकदा आठ. पाट्यांना वाकताच येत नव्हतं, त्यामुळे फट मिटतच नव्हती, आणि मामा दर वेळी उठून म्हणायचे, बरोबर.

"आठ थर नेले म्हणे आज," मामीनं एकदा जेवताना विचारलं.

"थर मोजायचे नसतात. फट मोजायची. आपण कधी जास्त भरत नाही."

"मग पूर्वी तीनच का न्यायचात?"

मामांनी पाण्याचा पेला उचलला, प्यायले, ठेवला. "तेव्हा गाडी कच्ची होती."

रविवारची फेरी त्याच वर्षी बंद पडली. उंच झालेल्या गाडीत मामीला पाय टाकता येईना. मामांनी लाकडी पाट आणला. पाटावर उभं राहूनही तिचे गुडघे ऐकेनात, आणि एकदा कसंबसं चढली तर रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्याला तिला छतापर्यंत उडवू लागली. पुलाच्या अलीकडेच म्हणाली, "वळवा. मी काही फरशीची पेटी नाही."

"फरशीच्या पेटीला मी इतके धक्के बसू देत नाही," मामा म्हणाले. तिला हसू आलं. पण पुढच्या रविवारी उशी वर कपाटावरच राहिली, त्याच्या पुढच्याही. मामा फिल्टरचं पाणी काढत राहिले, पेला उजेडात धरत राहिले. हाक मारणं कमी झालं.

दर वर्षी गाडी पासिंगला न्यायच्या आधी ते खाली झोपून चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, तारेच्या ब्रशनं घासायचे आणि काळा रंग लावायचे. स्वतः. माणूस लावायला नको, तो कोपरे सोडतो. पाटे वाढवून तीन वर्षं झाली तेव्हा केबिनच्या मागे, उजव्या बाजूला, पाट्याचं पुढचं टोक जिथे चासीला धरलेलं असतं तिथे त्यांना एक तपकिरी रेघ दिसली. केसाएवढी. गंज, असं म्हणून त्यांनी ती पॉलिश पेपरनं घासली आणि तिथे रंगाचे दोन हात जास्त दिले. पुढच्या वर्षी रेघ रंगातून पुन्हा वर आली. मामांनी तीन हात दिले.

या वर्षी क्लच प्लेट बदलायला गाडी मिस्त्रीकडे गेली. मिस्त्री मामांच्याच वयाचा, दोघांनी एका गॅरेजात पाने पुसत सुरुवात केलेली. खालून आवाज आला, "चारबोटे, ये जरा."

मामा शेजारी जाऊन झोपले. दोघं पाठीवर, वर गाडी. मिस्त्रीनं टॉर्च एका जागी धरला होता.

"रंग कुणी लावला?"

"मीच."

"किती हात?"

"तीन. चांगला बसलाय ना?"

"चांगलाच बसलाय," मिस्त्री म्हणाला आणि त्यानं अंगठ्याच्या नखानं रंग उचकटला. रंगाची लांब साल निघाली. खाली चीर होती. मिस्त्रीनं नख तिच्यात घातलं, ते आत गेलं.

बाहेर कुणीतरी हवा भरत होतं.

"पाटे कधी वाढवलेस?"

"पाच वर्षं झाली."

"हिसका कुठेतरी जाणारच. पाटा वाकेना, मग चासी वाकत राहिली."

"पण मी जास्त कधी भरलं नाही रे."

"किती भरायचास?"

"चार बोटं."

मिस्त्रीनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. दोघांची डोकी फरशीवर, हातभर अंतरावर. "पाटे वाढवल्यावर? तेव्हाही चार बोटंच?"

मामा वर चिरेकडे बघत राहिले.

"अरे माणसा," मिस्त्री हळूच म्हणाला.

वेल्डिंग करायला त्यानं नकार दिला. "चासीला मी टाका घालत नाही. घातला तर टाका टिकेल, शेजारून फाटेल. रस्त्यात, भरलेली असताना."

"मग दुसरी चासी टाकू."

"या गाडीची येत नाही आता. आणि नंबर चासीवरच असतो. ती बदलली तर कागदावर ही गाडीच उरत नाही."

मामा तिथून थेट लोखंडी दरवाजे बनवणाऱ्याकडे गेले. दरवाजेवाल्यानं काही विचारलं नाही, जाड पट्टी लावून जोडून दिलं. मामांनी त्यावर रंग लावला. एकच हात, तोही हलका, रेघ आली तर दिसावी म्हणून. मग दुकानात गेले आणि म्हणाले, दोन थर.

"काका, दोन थर म्हणजे मी स्कूटरवर नेईन," फरशीवाल्याचा मुलगा म्हणाला.

त्या दिवशी मामांनी फटीत हात घातला नाही. पेट्यांवरची वजनं वाचली, बेरीज केली आणि निघाले. पंधरा दिवस असे गेले. सोळाव्या दिवशी, दुकानापासून दोन गल्ल्यांवर, गतिरोधकावर खालून एक आवाज आला. मोठा नव्हता. कुणी पाठीमागे बोट मोडावं इतका. मामांनी गाडी बाजूला घेतली, खाली वाकले. दरवाजेवाल्याचा टाका जसाच्या तसा होता. चीर त्याच्या शेजारून गेली होती, बोटभर अंतर सोडून.

पेट्या त्यांनी हमालांना बोलावून उतरवून दिल्या. मिस्त्रीनं फोनवर एवढंच विचारलं, "शेजारून?"

"शेजारून."

"रिकामी ने. हळू. भंगारवाल्यापर्यंत जाईल."

पण गाडी आठवडाभर दारात उभी राहिली. मामा सकाळी लवकर उठायचे, आवरायचे, शर्टाच्या बाह्या दुमडायचे आणि खुर्चीत बसायचे, दोन्ही हात मांडीवर ठेवून. कुठलाच दिवा विझायचा नव्हता. मामी म्हणाली, फरशीच्या दुकानात हिशेब ठेवायला विचारा. ते म्हणाले, तिथे आता मला काका म्हणतात. रविवार आला तसा तिनं मुद्दाम पेला टेबलावर ठेवला.

"आज पाणी नाही काढायचं?"

"कुणासाठी?"

तिनं पेला घासून जागेवर ठेवला.

सोमवारी ते गाडीखाली गेले. मी त्या दिवशी तिथेच होते. पाटे धरून ठेवणारे यू-बोल्ट गंजून बसले होते. मामा पाइप लावून, पाय लावून एकेक सोडवत होते. मामी जिन्यात उभी राहिली.

"भंगारात द्यायची आहे ना? मग कशाला मोडताय जीव?"

"वाढवलेले पाटे काढतोय. जशी घेतली होती तशी देतो."

"भंगारवाल्याला काय फरक पडतो?"

मामांनी पुढच्या बोल्टला पाइप लावला. दुपारपर्यंत चारही पाटे रस्त्याकडेला पडले आणि गाडी खाली आली, दिसायला पाच वर्षांपूर्वीसारखी. मामी ते बघत होती. मग वर गेली आणि उशी घेऊन आली. उशीवरची धूळ तिनं दोन वेळा झटकली.

"पुलावरून न्याल?"

"लांब पडेल."

"पडू दे."

तिनं दाराची कडी धरली, पाय टाकला, गुडघ्याला शिवी दिली आणि चढली. पाटाशिवाय. आत बसून तिनं पदर सारखा केला. मामांनी दार लावून दिलं आणि पुढून वळसा घालून जायच्या ऐवजी मागच्या चाकाकडे गेले. उकिडवे बसले. हात आडवा करून फटीत घातला.

हात जेमतेम गेला. चार बोटं.

ते उठले, हौद्यात डोकावले. हौदा झाडलेला होता, दोरीसुद्धा नव्हती. पलीकडच्या चाकापाशी जाऊन बसले, तिथेही हात घातला. तिथेही चारच. मूळचे पाटे सरळ होऊन गेले होते, पट्टीसारखे. त्यांच्यात वाक उरलाच नव्हता.

"काय झालं?" मामीनं खिडकीतून विचारलं.

"भरली."

"भरली कशानं? मागे काही आहे का?"

"नाही."

"मग जे काय असेल ते उतरवा आणि चला."

मामा तसेच बसून राहिले, हात फटीत, जसे दुकानासमोर बसायचे, हमालांना थांबा म्हणून सांगितल्यावर. मी जवळ गेले तेव्हा म्हणाले, "तू बघ घालून. माझा हात सुजलाय का ते बघ."

मी हात घातला. माझा लहान हात, तरी पाचवं बोट बाहेर राहिलं.