अकरा नंबरचा शिक्का

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तीन आठवडे गप्प बसले असं लिहिणार आहे आणि मला ओळखणाऱ्या कुणालाही ते पटत नाही. आमच्या कॉलनीतला गॅसवाला मला पाहिलं की सिलेंडर हळू ठेवतो. असो. तरी मी गप्प बसले.

जबलपूरच्या रिछाई औद्योगिक भागातल्या एका लहान कारखान्यात मी नऊ वर्षं माल तपासायचं काम केलं. तिथे पोलादी बुश बनायचे. बुश म्हणजे मधोमध भोक असलेला जाड, गोल तुकडा. भोक केसभर मोठं झालं की तो तुकडा भंगारात जातो. ते भोक मोजणं हे माझं काम. तपासणीच्या खोलीत आम्ही दोघीच होतो आणि दोघींकडे एकेक रबरी शिक्का होता, त्यावर नंबर. पेटीतला माल मोजून झाला की पेटीच्या टॅगवर शिक्का मारायचा, मग पेटी बाहेर. माझा नंबर अकरा, तिचा सात. आपला शिक्का दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, हा नियम भिंतीवर लाल रंगात लिहिलेला होता. तो आम्ही दोघींनी पहिल्याच वर्षी मोडला.

ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणायची. तिचे वडील आणि माझे बाबा दोघेही खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीतून रिटायर झालेले. दोन्ही घरं मूळची भंडाऱ्याकडची, आणि रविवारी दोन्ही घरं एकाच बुद्धविहारात. कारखान्यात सगळा कारभार हिंदीत चालायचा. आम्ही मात्र खोलीचं दार लोटलं की मराठीत सुरू. सासूबद्दल, साहेबांबद्दल, नव्या अकाउंटंटच्या रंगवलेल्या केसांबद्दल, जे मनात येईल ते. बाहेरच्यांना वाटायचं, दोघी कामाचंच काहीतरी बोलत असतील.

ज्यांना दिवसभर मराठीच माणसं भेटतात त्यांना हे कळणार नाही. जबलपूरमध्ये नोकरीच्या ठिकाणी एखादं मराठी माणूस निघालं की आम्ही त्याला लगेच घरचं करून टाकतो. स्वभाव बघत नाही, काही नाही. मी तर पहिल्या महिन्यातच माझ्या ड्रॉवरची दुसरी चावी तिला देऊन टाकली. एकीला लवकर निघायचं असलं की दुसरी तिचा माल मोजायची आणि तिच्याच शिक्क्याने पास करायची. गेटवरचा भैया ओळखीचा, तो वहीत काही लिहायचा नाही. नऊ वर्षांत ह्यात कधी चूक झाली नव्हती, कारण आम्ही दोघीही मोजायचो.

आता साहेबांबद्दल. उत्पादन त्यांच्याकडे होतं. महिनाअखेर आली की त्यांना माल बाहेर काढायची घाई व्हायची आणि मी नेमक्या तेव्हाच पेट्या परत पाठवायची. एकदा सगळ्यांसमोर ते म्हणाले, "काए मैडम, आप कंपनी की तरफ हैं कि ग्राहक की?" मी म्हटलं, "सर, मैं तो नाप की तरफ हूँ." मशीनवरची पोरं फिदीफिदी हसली. साहेबही हसले, पण फक्त तोंडाने. मला तेव्हा आपल्या हजरजबाबीपणाचं फार कौतुक वाटलं होतं. घरी येऊन बाबांना दोनदा सांगितलं.

त्यानंतर काही महिन्यांनी बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. कमानिया गेटजवळच्या डॉक्टरांनी पट्टी काढायला दुपारी बोलावलं होतं. माझ्या चार पेट्या मोजायच्या राहिल्या होत्या. मी चुळबुळ करायला लागले तशी ताई म्हणाली, "जा न तू. काहून टेन्शन घेऊन राहिली? मी आहे न." मी शिक्का तिच्या टेबलावर ठेवला आणि निघाले.

दोन आठवड्यांत त्या चारही पेट्या ग्राहकाकडून परत आल्या. एकूणएक भोक मोठं. चारही टॅगवर अकरा नंबर.

पेट्या आल्या त्या सकाळी मी पोचले तेव्हा ताई खोलीत रडत बसली होती. तिने उठून दार लावलं. "मी मोजलंच नाही गं," ती म्हणाली. "पोरीच्या कॉलेजचे फोन येऊन राहिले होते, ॲडमिशनचं. मी पाहिलंच नाही, शिक्के मारून टाकले." तिच्या नवऱ्याचं काम सुटलं होतं, घर तिच्या नोकरीवर चालत होतं, हे मला माहीतच होतं. तिने माझे दोन्ही हात धरले. "आत्ता काही बोलू नको. पोरीचं पक्कं होऊ दे, दोन-तीन हप्ते. मग मी स्वतः जाऊन सांगते, तुझी काही चूक नाही म्हणून."

मी हो म्हटलं. गेटपास न घेता गेले होते, तेव्हा अगदी धुतल्या तांदळासारखी मीही नव्हते. पण खरं कारण ते नाही. ती रडत होती, मराठीत रडत होती, आणि तिला नाही म्हणणं मला सुचलंच नाही.

साहेबांनी त्याच दिवसापासून माझं नाव घेणं बंद केलं. "ग्यारह नंबर को बुलाओ." "ग्यारह नंबर से पूछो, आँख है कि बटन." आठवड्याभरात मशीनवरची पोरंही मला ग्यारह नंबर म्हणायला लागली, आधी पाठीमागे, मग तोंडावर. रोज सकाळी शिफ्टच्या सुरुवातीला सगळे पाच मिनिटं एकत्र उभे राहतात. साहेब मला पुढे बोलवायचे, हातात त्या पेटीतला एक बुश द्यायचे आणि सगळ्यांसमोर मोजायला लावायचे. मी आकडा सांगितला की म्हणायचे, "ज़ोर से." पुन्हा सांगितला की, "और ज़ोर से, पीछे तक." नऊ वर्षं मी जे काम मान वर करून केलं, ते काम करताना माझे आकडे चुकायला लागले. आकडा चुकला की पुन्हा हशा.

एक दिवस जेवून परत आले तर माझ्या खुर्चीच्या पाठीला लाल टॅग बांधलेला. नापास मालाला बांधतात तो. त्यावर तारीख, कारण, सगळं नीट भरलेलं. कारणाच्या जागी लिहिलं होतं, "काम के लायक नहीं." काचेपलीकडे चार-पाच जण उभे राहून बघत होते. त्यांच्या मागे साहेब हाताची घडी घालून. ताईने उठून तो टॅग सोडला, चुरगाळला, टोपलीत टाकला. मग तिने मला पाणी दिलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला. "सहन कर गं थोडं," ती म्हणाली. "माझ्यासाठी." त्या दिवसांत ती माझ्यासाठी रोज काहीतरी करून आणायची, पाटोड्या, झुणका. मी खायची आणि मनात म्हणायची, हिच्यासाठी एवढं करायला काय हरकत आहे.

घरी मी भांडी आपटायला लागले. एका सकाळी रिछाईच्या वळणावर मोटरसायकल थांबवून मी रस्त्याकडेला उलटी केली आणि तोंड धुऊन वेळेत पोचले. लाल टॅगनंतर मात्र मला राहवलं नाही. मी मालकांच्या नावाने अर्ज लिहिला. शिक्क्याचा विषय त्यात काढलाच नाही. चूक झाली तर चौकशी करा, पण मला नंबराने हाक मारणं, खुर्चीला टॅग बांधणं, रोज तमाशा करणं थांबवा, एवढंच लिहिलं. साक्षीदार म्हणून ताईचं नाव घातलं. आधी तिला वाचून दाखवलं. तिने दोन ठिकाणी माझं हिंदी सुधारलं आणि म्हणाली, "टाक. मी सांगीन, जे पाहिलं ते."

चौकशीला मालक, अकाउंटंट आणि एक बाहेरून बोलावलेल्या मॅडम होत्या. साहेब बाजूच्या खुर्चीत. मी माझं सांगितलं. मग ताईला आत बोलावलं. ती आली आणि माझ्याकडे न बघता माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली.

"टैग के बारे में मुझे जानकारी नहीं है," ती म्हणाली. "सर तो सबसे हँसी-मज़ाक करते हैं. मैडम आजकल बहुत तनाव में रहती हैं, घर में भी बीमारी है. छोटी बात भी उनको बड़ी लगती है."

मैडम म्हणजे मी. नऊ वर्षांत ती मला पहिल्यांदा मैडम म्हणाली. मला आधी वाटलं, ही दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय.

मग मी तोंड उघडलं. त्या दिवशी मी दुपारीच गेले होते, शिक्का हिच्याकडे होता, पेट्या हिने पास केल्या, सगळं एका दमात बोलून टाकलं. माझा आवाज चढला. चढणारच. मालकांनी वही उघडली, माझी हजेरी पूर्ण दिवसाची होती. गेटच्या वहीतही काही नव्हतं. त्यांनी ताईला विचारलं. "नहीं सर, अपना शिक्का हम किसी को नहीं देते," ती म्हणाली. "दीवार पे लिखा है." बाहेरून आलेल्या मॅडमनी मला अगदी प्रेमाने विचारलं, असं असेल तर तुम्ही तीन आठवडे काही बोलला का नाहीत? ह्याचं उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते माझ्या शेजारीच बसलं होतं. पण ते कुणाला दाखवणार?

शिक्का काढून घेतला आणि मला पॅकिंगला पाठवायचं ठरलं. मी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. पोरं गेटपर्यंत हाका मारत होती, ग्यारह नंबर, ग्यारह नंबर. गेटवरच्या भैयाने मान खाली घातली.

मला वाईट वाटलं म्हणणं कमी आहे. मी चिडले, रडले, तिचा नंबर खोडून टाकला, पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला. नोकरीपेक्षा मला त्या दुपारची खुर्ची आठवायची, माझ्या खुर्चीला जवळजवळ चिकटलेली, आणि तिच्यातली ती शांतपणे हिंदी बोलणारी बाई. तरी मनातल्या मनात मी तिची वकिली करायची. घाबरली असेल. पोरगी आहे, नवरा घरी आहे. आत जाईपर्यंत तिला खरंच बोलायचं असेल. मला एवढं धरून ठेवायचं होतं, नाहीतर ती नऊ वर्षं कुठे ठेवणार होते मी?

दीड-दोन महिने मी विहारात गेले नाही. मग बाबा म्हणाले, तू काय चोरी केली आहेस का? तेव्हा गेले. वंदना झाली, लोक पांगले, आणि ती माझ्यापर्यंत आली. अंगावर पांढरी साडी, चेहरा उतरलेला. जय भीम म्हणाली. मी उत्तर दिलं, सवयीने.

"तू मला लई वाईट समजून राहिली असशील," ती म्हणाली. "पण मी काही लपवून ठेवलं नव्हतं. मी तर त्याच दिवशी साहेबांना सगळं खरं खरं सांगून दिलं होतं. पेट्या आल्या न, तेव्हाच. तू यायच्या आधी."

मला वाटलं, माझं काहीतरी चुकतंय. मी विचारलं, "मी यायच्या आधी?"

"हो न. म्हटलं, सर, मैडमची चूक नाही, मी मारले शिक्के. हात जोडले मी." ती हे सगळं मला दिलासा म्हणून सांगत होती. आपण किती सरळ वागलो ते मला कळावं, म्हणून.

म्हणजे साहेब मला पुढे उभं करून ओरडायला लावत होते तेव्हा त्यांना ठाऊक होतं की मी त्या पेट्यांना हातही लावलेला नाही. आणि त्यांना ठाऊक आहे, हे हिला ठाऊक होतं. टॅग सोडताना. पाठीवरून हात फिरवताना. ज्यांच्यापासून मी तिला वाचवत होते, त्यांच्याकडे ती माझ्या आधीच जाऊन आली होती.

माझा आवाज चढला नाही. मी एवढंच म्हटलं, "मग दार लावून मला गप्प राहायला काहून सांगितलं?"

तिला तो प्रश्न खरोखरच कळला नसावा. तिने पदर सावरला, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला.

"साहेबांनीच सांगितलं होतं न," ती म्हणाली. "म्हणाले, तुम्हारी नौकरी मैं देख लूँगा, बस उसको बोलने मत देना. और किसी की नहीं सुनती वो, तुम्हारी सुनती है."