जपमाळेला उत्तर देणारा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, पापनिवेदनातही नाही. एका माणसाला मी कोठडीत राहू दिलं, कारण मला सोबत हवी होती.

रेल्वेतल्या ख्रिस्ती कामगारांसाठी मला खोपोलीला पाद्री म्हणून नेमलं होतं. रविवारी मिस्साला माणसं यायची आणि पांगायची. बाकी आठवडा मी एकटा. जपमाळ खरं तर दोघांनी म्हणायची. एकानं ‘नमो मारिये’ सुरू करायचं, दुसऱ्यानं ‘हे पवित्र मारिये’पासून पुरं करायचं. मी वर्षानुवर्षं दोन्ही अर्धे स्वतःच म्हणत आलो होतो. दुसऱ्या अर्ध्याला आवाजही बदलायचो.

एका उन्हाळ्यात आमच्यातल्या एका सांधेवाल्याला, म्हणजे रूळ बदलणाऱ्या कामगाराला, मालडब्यातलं धान्य चोरल्याच्या संशयावरून धरलं आणि खालापूरच्या कचेरीतल्या कोठडीत ठेवलं. त्याची आई कर्जतला राहायची. पोराला भेटत जा, असा तिनं निरोप धाडला. मी गेलो, गजांपाशी बसलो, जप सुरू केला. सवयीनं अर्ध्यावर दम घ्यायला थांबलो, तर आतून उत्तर आलं. घोगरं, जरा घाईचं. माझ्या बोटांना पुढचा मणी सापडेना.

मग मी रोज दुपारी चालत जाऊ लागलो. वेदीपुढे जे समाधान मला कधी मिळालं नव्हतं, ते त्या कोंदट जागेत मिळालं. तो कांबळं गजांपाशी ओढून वाट बघत बसलेला असायचा. पहाऱ्यावरचा शिपाई हसायचा, “पाद्रीबाबा, कैदी त्यो हाय का तुमी?”

एके दिवशी कचेरीच्या मुख्य अंमलदारांनी, महालकऱ्यांनी, मला आत बोलावलं. पुरावा काही धड नाही, म्हणाले, पण खटला ठाण्याच्या कोर्टात जाणार. तोवर माणूस घरी राहिलेला बरा. “तुम्ही जामीन राहा, आत्ता सोडतो.”

विचार करून सांगतो, म्हणालो. विचार कसला करायचा होता? तो सुटला की कर्जतला आईकडे जाईल, एवढंच मनात आलं. महालकऱ्यांकडे परत गेलो नाही, आणि त्यालाही काही बोललो नाही. त्यानंतरही आम्ही नेहमीसारखा जप केला. एकदा जप संपल्यावर त्यानं विचारलं, “फादर, माजं काय व्हनार?” देवावर भरवसा ठेव, असं मी सांगितलं.

मग एका दुपारी कोठडी रिकामी दिसली. सकाळीच त्याला ठाण्याला नेलं होतं. तिथल्या तुरुंगात तो पटकीच्या साथीत गेला.

त्याच्या आईला सांगायला मीच गेलो. तिनं माझे दोन्ही हात धरले. “फादर, तुमी व्हतात म्हून माजा पोर येकटा नाय पडला.”

मी मान डोलावली. तिनं जेवायला वाढलं, आणि मी जेवलो.

जप अजून करतो. अर्ध्यावर आलो की थांबतो, बराच वेळ. आवाज बदलणं तेव्हाच सोडलं.

म्हातारी अजून कर्जतला आहे. सणासुदीला माझी खुशाली विचारते. तिचा मुलगा घरी येऊ शकला असता आणि मी त्याला येऊ दिलं नाही, हे तिच्यासमोर बसून सांगणं माझ्यावर बाकी आहे.