कुलूपरावांचा शब्दसाठा

…तर वहिनींनी दोरीवरचे कपडे काढायला हात घातला आणि हाताला बनियनऐवजी लागला ‘इन्सफरेबल’. काल इथेच थांबलो होतो ना आपण? हां. पुठ्ठ्याचा चार बोटं लांब तुकडा, भोक पाडून दोरा ओवलेला, एका बाजूला इंग्रजी शब्द आणि पाठीमागे अर्थ : ‘असह्य, सोसवत नाही असा’. वहिनींनी तो उलटा केला, सुलटा केला, नवऱ्याकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि म्हणाल्या, “अहो, हा दोरीला कशाला टांगलात? तुमच्याच गळ्यात शोभला असता.”

“काढू नकोस,” नवरा म्हणाला. “अजून पाठ व्हायचाय.”

आता जे काल नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. हे गृहस्थ आमच्या पंपांच्या कारखान्यात स्टोअरचे मदतनीस. मी फिटर, ते जाळीच्या खिडकीमागे. सगळा कारखाना त्यांना कुलूपराव म्हणायचा, आणि उगाच नाही म्हणायचा. नवीन माल आला की माणूस असा खुलायचा, जणू लेक माहेरी आली. खोकी उघडायची, बेअरिंग पुसायची, मापाने रॅकवर लावायची, प्रत्येकाला पुठ्ठ्याचं लेबल बांधायचं. पण तोच माल बाहेर द्यायचा म्हटलं की चेहरा असा, जणू आपण त्यांची दाढ उपटून मागतोय. गुलाबी चिठ्ठीशिवाय वॉशरसुद्धा हलायचा नाही. चिठ्ठीवर मालाचं नाव, नग किती, कशासाठी, आणि खाली सही. एका चिठ्ठीवर एकच माल. एकदा माझं बोट कापलं. रक्ताची धार लागलेली, आणि औषधाची पेटी यांच्या ताब्यात. मी पट्टी मागितली, तर म्हणतात, “‘कशासाठी’ हा रकाना रिकामा आहे.”

मी बोट त्यांच्या नाकासमोर नाचवलं.

“ते दिसतंय,” ते म्हणाले. “लिहा.”

अशा माणसाने इंग्रजी शिकायचं मनावर घेतलं. का, तर आधीचे साहेब निवृत्त होताना बोलून गेले होते, “तुम्हाला स्टोअरची नस न् नस माहीत आहे. थोडं इंग्रजी आलं ना, की म्हातारे स्टोअरकीपर जातील तेव्हा खुर्ची तुमचीच.” साहेब बोलले आणि गेले. यांनी ते काळजावर कोरून घेतलं. रद्दीतून एक डिक्शनरी आणली, पुठ्ठा निघालेली, पण आतली पानं शाबूत. आणि माल भरायला सुरुवात केली.

रोज दहा शब्द. दहा लेबलं सकाळी घरात टांगायची. एक आरशाला, एक कपाटाच्या कडीला, एक नळाला, तीन कपड्यांच्या दोरीला. पाठ झाली की अक्षराप्रमाणे डब्यात. अकरा वर्षांत पंचवीस डबे भरले, कपाटातल्या साड्या पलंगाखाली गेल्या आणि शब्द साड्यांच्या जागी आले. शब्दही कसले! ‘अ‍ॅबडिकेट’ म्हणजे राजाने गादी सोडणे. अहो, पंपाच्या कारखान्यात कुठला राजा आणि कसली गादी? पण नाही. डिक्शनरीत आहे म्हणजे स्टॉकमध्ये हवा.

आणि एवढं करून तोंडातून एक इंग्रजी शब्द नाही! मी एकदा म्हटलं, “कुलूपराव, एखादं वाक्य तरी टाका की.”

“स्टॉक पूर्ण झाल्याशिवाय वाटप नाही,” म्हणाले. “मध्येच एखादा शब्द कमी पडला तर? फजिती होईल.”

वहिनींचं बरोबर उलटं. त्यांनी डिक्शनरीला हातही लावला नव्हता. पण केर काढताना, भांडी घासताना नजर जायचीच, आणि नजर गेली की शब्द वापरला जायचाच. नवऱ्याला ‘ऑब्स्टिनेट’ म्हणायच्या, नळाला ‘इंटरमिटंट’, नणंदेला ‘मेलोड्रमॅटिक’. एकदा दारात आलेल्या पाणीखात्याच्या माणसाशी पाच मिनिटं इंग्रजीत भांडल्या. वाक्य कुठेच्या कुठे, पण तो ‘सॉरी मॅडम’ म्हणून गेला. कुलूपराव आतल्या खोलीतून ऐकत होते. बाहेर आले आणि म्हणाले, “‘निग्लिजंट’ अजून माझा पक्का व्हायचाय. तू परस्पर काढलास.”

वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी म्हातारे स्टोअरकीपर गेले. म्हणजे निवृत्त झाले हो, तसे नाही. खुर्ची रिकामी झाली. पण आता साहेब नवे, वयाने तरुण, आणि त्यांना आधीच्या साहेबांच्या शब्दाशी काय घेणं? त्यांनी इंटरव्ह्यू ठेवला, इंग्रजीत. उमेदवार दोन. एक कुलूपराव. दुसरा ऑफिसातला एक पोरगेला कारकून, त्याला आम्ही फाडफाड म्हणायचो. त्याच्याकडे एकूण चाळीसएक इंग्रजी शब्द असतील, पण सगळे चोवीस तास कामाला जुंपलेले. ‘अ‍ॅक्च्युअली’ने उठायचा आणि ‘नो प्रॉब्लेम’वर बसायचा.

कुलूपराव इस्त्रीचा सदरा घालून आत गेले आणि आमची बिडी अर्धी जळायच्या आत बाहेर आले. आत पाणी ठेवायला गेलेला शिपाई सांगत होता, “साहेबांनी इंग्रजीत एकच काहीतरी विचारलं. हे नुसते उभे. साहेबांनी परत विचारलं. हे छताकडे बघतायत. तोंडात जशी गुळणी धरली होती! मग साहेब म्हणाले ‘थँक्यू’.”

अकरा वर्षं माल भरला, आणि गिऱ्हाईक दारात आल्यावर शटर खाली!

खुर्ची फाडफाडला मिळाली. आम्हाला वाटलं, कुलूपराव आता आजारपणाची रजा टाकतील, निदान चार दिवस अबोला धरतील. छे. दुसऱ्या दिवशी खिडकीमागे हजर. फक्त फाडफाडला बसायला त्यांनी जी खुर्ची पुसून दिली, तिचा एक पाय किंचित आखूड होता. मुद्दाम की कसं, ते मी सांगू शकत नाही.

पंधरा दिवसांनी परदेशातून पत्र आलं. तिकडून आम्ही पंपांची रबरी सील मागवायचो. पत्र लांबलचक, भाषा जड. फाडफाडला त्यातलं ‘सील’ समजलं आणि ‘इन्स्टॉल’ समजलं. त्याने आम्हाला हुकूम सोडला, “नवी सील आजच बसवा, कंपनीचं पत्र आहे.” आम्ही लागलो कामाला. पण बाबाच्या मनात कुठेतरी पाल चुकचुकली असावी. दुपारी तो पत्र घेऊन खिडकीशी आला. मी तिथेच ग्रीस मागायला उभा होतो, म्हणून सगळं या कानांनी ऐकलं.

“काका, हे ‘रिफ्रेन’ म्हणजे काय हो?”

कुलूपरावांनी चष्मा वर केला. “चिठ्ठी?”

“कसली चिठ्ठी?”

“मागणीची.”

“अहो, अर्थ विचारतोय, बेअरिंग नाही मागत!”

“माझ्याकडचा माल आहे. भरायला वेळ गेलाय. चिठ्ठीशिवाय जात नाही.”

“काका, प्लीज. मी स्टोअरकीपर आहे.”

“मग सही तर तुमचीच चालेल. बरंच झालं.”

फाडफाडने दात ओठ खात गुलाबी चिठ्ठी भरली. मालाचं नाव : रिफ्रेन. नग : एक. कशासाठी : पत्र समजण्यासाठी. सही केली. कुलूपरावांनी चिठ्ठी उजेडात धरून वाचली, खिळ्याला टोचली, मग सावकाश म्हणाले, “रिफ्रेन. एखादी गोष्ट न करणे, तिच्यापासून दूर राहणे.”

फाडफाडने पत्र पुन्हा वाचलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. सील सदोष होती. बसवू नका, असं कंपनीने कळवलं होतं, आणि आम्ही अकरा पंपांना बसवून मोकळे झालो होतो! ती काढता काढता माझ्या कमरेचा काटा ढिला झाला.

पण फाडफाडला चटक लागली ना. कुठलंही कागदपत्र आलं की खिडकीशी. चिठ्ठी, सही, अर्थ. एकदा म्हणाला, “काका, पाच शब्द एकाच चिठ्ठीवर लिहितो.”

“एका चिठ्ठीवर एकच माल. नियम तुमच्याच खात्याचा आहे.”

गंमत अशी की गुलाबी चिठ्ठीची खालची प्रत महिन्याअखेरीस साहेबांच्या टेबलावर जाते. हे कुलूपरावांना ठाऊक होतं. फाडफाडला ठाऊक असायला हवं होतं. साहेब चहा पिता पिता प्रती चाळत होते. गॅस्केट, नग दहा. बोल्ट, नग चाळीस. ‘रिलक्टंट’, नग एक. ‘अ‍ॅम्बिग्युअस’, नग एक. साहेबांनी कप खाली ठेवला. अशा त्रेसष्ट चिठ्ठ्या निघाल्या. शेवटची तर कळस होती. त्याच आठवड्यात साहेबांनी फाडफाडला इंग्रजीत एक कडक पत्र दिलं होतं. चिठ्ठीवर लिहिलेलं : ‘इनकॉम्पिटंट. नग एक. कशासाठी : साहेबांनी मला काय म्हटलंय ते कळण्यासाठी.’ म्हणजे नालायक हो! आणि खाली झोकदार सही.

आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावणं आलं. मला का, तर सील काढणारा मी. साहेबांनी चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या टेबलावर पसरल्या.

“हे काय आहे?”

फाडफाड म्हणाला, “अ‍ॅक्च्युअली सर…” आणि चाळीसच्या चाळीस शब्द संपले. त्या अकरा पंपांचं मी सांगितलं. साहेब हसू दाबत होते की राग, देव जाणे. त्यांनी एक पत्र उचलून कुलूपरावांसमोर धरलं. कुलूपरावांनी ते ओळीओळीने मराठीत वाचून दाखवलं, एवढं सरळ की साहेबांनाच एका वाक्याचा अर्थ नव्याने कळल्यासारखा दिसला. मग साहेबांनी फाडफाडला विक्री विभागात धाडलं. तिथे बोललेलं कळावं लागत नाही, बोलावं लागतं. पोरगा तिकडे छान रमला म्हणे. आणि स्टोअरच्या किल्ल्यांचा जुडगा टेबलावरून कुलूपरावांकडे सरकला.

जुडगा हातात घेतला तरी कुलूपराव ना हसले, ना काही. किल्ल्या मोजून घेतल्या फक्त. साहेबांना राहवलं नाही. “अहो, एवढं सगळं येत होतं, तर त्या दिवशी इंटरव्ह्यूत का नाही बोललात? मी काही अवघड विचारलं नव्हतं.”

तेव्हा कुलूपराव म्हणाले, “साहेब, तुम्ही म्हणालात, स्वतःबद्दल काही सांगा. शब्द सगळे समजले हो. पण इतक्या वर्षांत खिडकीशी आलेल्या माणसांनी वॉशर मागितले, बेअरिंग मागितली. स्वतःबद्दल मला आजवर कुणी मराठीतसुद्धा विचारलं नव्हतं.”