मावशीची दोन तळी

मावशी ऑफिसात दिवसभर व्हिडिओ गेम खेळते, अशी गल्लीभर बोंब होती. खिडकीतून डोकावलं की तिच्या पडद्यावर मासे पोहताना दिसायचेच की! खरी गोष्ट अशी, की तळ्याचं पुढे काय होणार हे सांगणारं सॉफ्टवेअर तिला संशोधन केंद्रासाठी निवडायचं होतं. समोर दोन होती. एकात निळंशार पाणी आणि सुळसुळणारे मासे, दुसऱ्यात नुसत्या वाकड्यातिकड्या रेघा.

निळं विकणारा मधाळ आवाजात म्हणाला, “मॅडम, बघा तरी, अग्गदी जिवंत वाटतं!”

“नुसतं वाटून काय करू?” मावशी म्हणाली.

तिने दोन्हींना आमच्या गावातल्या दोन तळ्यांपैकी धाकट्या तळ्याची जुनी मोजमापं दिली. ते तळं शेवाळाने गुदमरून तिच्या डोळ्यांदेखत मेलं होतं. निळ्या सॉफ्टवेअरने ते ठणठणीत जगवलं. रेघांच्या सॉफ्टवेअरने ते मारलं, तेही नेमकं त्याच उन्हाळ्यात.

“हेच घ्यायचं,” ती म्हणाली. “हे तोंडदेखलं बोलत नाही.”

मग तिने त्यात थोरल्या तळ्याची आजची मोजमापं भरली. त्या तळ्यात तिला तिच्या बाबांनी पोहायला शिकवलं होतं.

“हेही जाणार बघ,” ती पुटपुटली.

“काहीतरीच काय, मावशे! लाव पैज!” मी म्हटलं.

माशांची रेघ हळूहळू उतरत गेली आणि तळाला टेकली. मावशीने सगळे आकडे पुन्हा तपासले. एकही चुकला नव्हता. मी पैज हरले, आणि जिंकलेली मावशी तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडत राहिली.